शेजारच्या खोलीतून इमर्ज होताना

थोरलीला बघायला पाहुणे आले असताना धाकटीने शेजारच्या खोलीतून बाहेर यायचं नसतं. आमच्या भांडुपच्या चाळीत ही गोष्ट शेंबड्या पोरीलाही ठाऊक होती. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय इंग्रजी, त्यामुळे मला ती ठाऊक नव्हती. मी बाहेर आले. नुसती आले असते तरी आईने झिंज्या धरून परत नेलं असतं आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मी नुसती आले नाही. मी इमर्ज झाले.

हा शब्द मला कॉलेजातल्या सरांनी दिला. सरांनी एक दिवस फळ्यावर एकाखाली एक क्रियापदं लिहिली. अपिअर, इमर्ज, लूम, सरफेस, टर्न अप, मटीरिअलाइझ. म्हणाले, वस्तू नजरेला पडते एवढं सांगून इंग्रज थांबत नाही, ती कशी पडली तेही त्याच शब्दात सांगून टाकतो. बिळातून उंदीर निघतो ते वेगळं, धुक्यातून जहाज अंगावर येतं ते वेगळं आणि नको असलेला पाहुणा जेवायच्या वेळेला दारात उभा राहतो ते वेगळं. मी वेडीच झाले. घरी येताना चढावरच्या पायऱ्या चढत मनाशी म्हणत होते, काय ही श्रीमंत भाषा, आणि आपल्याकडे काय, तर आला, गेला, दिसला.

दारात पाऊल ठेवलं तर आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "उगवलात?" त्याच संध्याकाळी वडिलांचे एक दोस्त नेमके चहाच्या वेळी आले तेव्हा ती आतल्या आत पुटपुटली, "इलो बघ, उपाटलो." समोरच्या खोलीतला दारुडा जिन्यावर कडमडायचा, गावचा चुलता न कळवता थडकायचा, मांजर दुधाशी टपकायचं. हे सगळे शब्द रोज माझ्या कानाशी आदळत होते. पण कान मी कॉलेजला वाहिलेले होते. घरातली मालवणी मला लाजिरवाणी वाटायची. आईने हाक मारली तर मी "ओ" न देता "येस?" म्हणायचे, आणि आई म्हणायची, हिका सर्दी झाली की काय.

मग मी चाळीला क्रियापदं वाटत सुटले. खाडीकडून मासे घेऊन येणारी कोळीण आमच्या पायऱ्या चढायची तेव्हा आधी पाटी दिसायची, मग कपाळ, मग नथ, मग बाकीची बाई. ती सरफेस व्हायची. शेजारची काकू आमच्याकडे काही तळलं की टर्न अप व्हायची. मी स्वतः अर्थात इमर्ज व्हायचे. मोरीच्या आडोशाच्या पडद्यातून तोंड पुसत बाहेर पडायची मी, पण मनात काय, तर दगडी महाल, उंच कमान आणि खालून बघणारी माणसं.

थोरली बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. उंच, सावळी, रुंद हाडापेराची. वडिलांवर गेलेली. एका औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायची आणि तिच्या त्या पगारावर माझं कॉलेज चालायचं. वडिलांची गिरणी बंद पडली होती. हे मी इथे सहज सांगतेय, पण तेव्हा ते माझ्या ध्यानातच यायचं नाही. नळाला पाणी येतं तसे तिचे पैसे यायचे.

एकदा ती कामावरून आली. दाराची चौकट तिच्या डोक्याला जवळजवळ टेकायची. बाहेरचा उजेड तिच्या अंगाने पार अडला आणि खोलीत अंधार झाला. मी पुस्तकातून डोकं वर केलं आणि म्हटलं, "लूम." तिने विचारलं, म्हणजे काय गो. मी म्हटलं, काहीतरी अवाढव्य हळूहळू अंगावर येतं ना, जहाज, डोंगर, राक्षस वगैरे, त्याला म्हणतात. तिने चप्पल काढली, "बरा" म्हणाली आणि पाय धुवायला गेली. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवसापासून ती दारातून वाकून यायला लागली. आधी दारातून, मग कुठेही. खांदे पुढे, मान खाली, जणू सगळीकडेच चौकटी आहेत. महिन्याभरात तिचं ते चालणंच होऊन गेलं. मी पाहिलं, आणि मला त्याची गंमत वाटली. मैत्रिणींना वाकून चालून दाखवायची मी. चांगली नक्कल करायचे. आजही करू शकते. आज तर नक्कल करायची गरजच पडत नाही.

तिला बघायला माणसं येत होती आणि जात होती. कुणाला रंग नको होता, कुणाला उंची. शेवटी काकूने घाटकोपरचं एक स्थळ आणलं. मुलगा फोर्टात कुठल्याशा कंपनीत कारकून, घरचे साधे, मागणी काही नाही. काकू म्हणाली होती, हे हातचं घालवू नका, आता हिचं वय सांगताना माझीच जीभ अडखळते. त्या आठवड्यात थोरलीने कारखान्यातून येताना हातांना चोळायला लिंबं आणली. बोटांना लेबलांची खळ लागून कातडी सोललेली असायची. रोज ती लिंबाची सालं बोटांवर घासत बसायची. तिला हे लग्न हवं होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण घरभर लिंबाचा वास होता.

मला काकूच्या खोलीत बसायची आज्ञा झाली. आमच्यात रीतच होती ती. थोरली दाखवायची असली की धाकटीला नजरेआड करायचं, म्हणजे पाहुण्यांना तुलना सुचत नाही. काकू आमच्याकडे पोहे करायला गेली आणि मी तिच्या खोलीत एका स्टुलावर बसले, मधल्या फळ्यांच्या भिंतीला कान लावून. शेजारी लपायला जाताना मी केस का धुतले होते आणि कॉलेजच्या गॅदरिंगचा अबोली ड्रेस का घातला होता, हे मला तेव्हा कुणी विचारलं नाही. आता विचारायला त्यांच्यातलं कुणी उरलं नाही. एक सोडून.

भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. थोरली ट्रे घेऊन आली असावी, कारण कपबशा वाजल्या आणि मग मुलाच्या आईचा आवाज आला, "पाठीत काही आहे का हो हिच्या?" माझी आई म्हणाली, छे, लाजते. मुलाचे मामा म्हणाले, जरा ताठ उभी राहा बघू बाळ. ती ताठ उभी राहिली असेल तर त्यांना उंची दिसली असणार, आणि नसेल तर पाठ. दोन्हीकडून वाट लागली होती, आणि ती लावणारी मी भिंतीपलीकडे केसांवरून हात फिरवत बसले होते.

मग मुलाने घसा साफ केला आणि इंग्रजीत विचारलं, या खिडकीतून तुम्हाला काय काय दिसतं?

थोरलीला शाळेपुरतं इंग्रजी येत होतं. प्रश्न तिला कळला असणार. नंतर आईने सांगितलं की ती खरोखरच खिडकीकडे वळली आणि काय दिसतं ते नीट पाहायला लागली. कुणी काही विचारलं तर खरं उत्तर द्यायची सवय तिला. शब्द जुळवायला तिला अर्धा मिनिट लागला असता. तेवढा दिला असता तर कोण जाणे, ती काहीतरी बोललीही असती.

मी तो दिला नाही. मी स्वतःला सांगितलं की बहीण अडचणीत आहे. काकूच्या माठातून एक पेला पाणी घेतलं, जे कुणी मागितलं नव्हतं, आणि बाहेर पडले. आमच्या दारात क्षणभर थांबले, कारण सरांच्या म्हणण्याप्रमाणे इमर्ज होणारी वस्तू आधी थोडी झाकलेली असावी लागते. मग पुढे झाले आणि थोरली आणि तो मुलगा यांच्यामध्ये जी काय दीड वितीची जागा होती तिथे उभी राहिले. पेला त्याच्यापुढे धरून मी इंग्रजीत सांगितलं की सकाळी धुकं असलं की आधी कारखान्याची चिमणी अपिअर होते, मग मागचा डोंगर इमर्ज होतो, आणि पाण्याचा तो मोठा पाइप मात्र सदैव लूम करत असतो.

पाइपला लूम शोभत नाही, पाइप आडवा पडलेला असतो, हे आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की मुलगा हसला. मामा "वा" म्हणाले. मुलाच्या आईने मला पायाच्या नखापासून वर बघायला सुरुवात केली आणि केसांपाशी पोचेपर्यंत तिचा चेहरा सैल झाला. माझ्या पाठीमागे थोरलीच्या हातात अजून ट्रे होता. लूम हा शब्द तिने ओळखला. मला ते दिसलं नाही, पण ट्रेमधल्या बशा एकदा किणकिणल्या, आणि आई पुढे कधीतरी रागाने म्हणाली होती, तू तो शब्द बोललीस नि ती वाकली, पार वाकली.

दोन दिवसांनी काकू निरोप घेऊन आली. दारातच बसली, आत आली नाही. थोरली नको म्हणतात, धाकटी चालेल. आईने पहिलं काय केलं, तर माझ्या थोबाडीत दिली. दुसरं काय केलं, तर विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. काम गेल्यापासून ते बहुतेक भिंतीकडेच बघत. म्हणाले, दोघींतली एक तरी जाते आहे.

मी म्हटलं, विचार करून सांगते. ज्या आवाजात म्हटलं त्यात विचार केव्हाच करून झालेला होता. मला कुणीतरी निवडलं होतं ना. कशासाठी, कुणाच्या जागी, असल्या फालतू गोष्टी माझ्यासारख्या विदुषीने कशाला पाहायच्या.

थोरलीने माझी साडी इस्त्री केली. थोरलीने रुखवताचे लाडू वळले. साखरपुड्याच्या दिवशी मुलाच्या आईने आडून सुचवलं की मोठी समोर नसलेली बरी, लोकांना उगाच अवघडल्यासारखं होतं. आईने मान डोलावली. मग थोरलीला काकूच्या खोलीत बसवलं. त्याच स्टुलावर. फळ्यांच्या त्याच भिंतीपलीकडे. मी अंगठी घालून घेताना मला एकदा वाटलं की आता ती दारातून वाकून येईल आणि म्हणेल काहीतरी. ती आली नाही. तिला इमर्ज होता येत नव्हतं, आणि मी शिकवलेलं दुसरं क्रियापद घेऊन ती येणार कशी.

धाकटीचं आधी झालं म्हटल्यावर पुढची स्थळं विचारायला लागली, मोठीत काय खोट आहे. काकूने स्थळं आणणं थांबवलं. कारखान्यात थोरली लेबलं लावत राहिली, मग पॅकिंगला गेली, मग तिथेच सुपरवायझर झाली. आईवडिलांचं शेवटपर्यंत तिने केलं. मी सणाला जायचे, इंग्रजी बोलणारी मुलं आणि नवरा घेऊन.

नवऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. लग्नानंतर महिन्याभरात कळलं की त्याचं इंग्रजी म्हणजे तेवढाच एक प्रश्न. कुठल्याशा गाइडमधून पाठ केलेला, बघितलेल्या प्रत्येक मुलीला तोच विचारलेला. माझ्या आधीच्या सगळ्या गप्प बसल्या होत्या. त्यांना आधीच काहीतरी कळलं असावं. पुढे आयुष्यभर कुठल्याही खिडकीशी आम्ही बसलो की तो मोठ्या प्रेमाने विचारायचा, या खिडकीतून तुम्हाला काय काय दिसतं? महाबळेश्वरच्या हॉटेलात विचारलं. मुलीच्या बाळंतपणात इस्पितळात विचारलं. सुरुवातीला मी क्रियापदं लावून सांगायचे. नंतर नुसती नामं सांगायचे. शेवटी शेवटी "भिंत" म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान मला मिरवायला काही दुःख तरी मिळालं असतं.

तो आला की थोरली स्वयंपाकघरात जायची. मेहुणा म्हणून तिने त्याला कधी नावाने हाक मारली नाही, पाहुणे म्हणायची. पाहुण्यांना विचार, भाकरी आणखी हवी का. मान खाली. तो गेल्या पावसाळ्यात वारला तेव्हा ती भांडुपहून आली, पायाशी बसली, आणि तेव्हाही मान खालीच होती.

त्यानंतर मी तिला इथे मुलुंडला माझ्याकडे आणलं. मुलाने चौदाव्या मजल्यावर घर घेऊन दिलंय, नॅशनल पार्कचे डोंगर समोर. मला वाटलं, आता दोघीच आहोत, आता ती बोलेल. पन्नास वर्षं होत आली, तिने त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. शिव्या द्याव्यात, रडावं, माफ केलं म्हणावं, काहीही. मी तिला खोड्या काढून बोलतं करायला बघायचे. नात मोबाइलवर मुलांचे फोटो अंगठ्याने सरकवत बसते. मी मुद्दाम थोरलीसमोर नातीला विचारलं, काय गं, कसा बघतेस तू मुलगा. ती म्हणाली, "आजी, ते आपोआप पॉप अप होतात. नाही आवडला की बाजूला करायचा." मी थोरलीकडे बघत म्हटलं, बघ, आता मुलगेच ट्रे घेऊन येतात. थोरली म्हणाली, "भात लावू?"

असं कितीदा झालं. एकदा मी अगदी निर्लज्जपणे म्हटलं, अक्का, तो पोह्यांचा दिवस आठवतो का गं तुला. ती म्हणाली, कुठले पोहे, आणि डाळ निवडत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती डाळ बोटांनी निवडतेय. खडे तिला दिसत नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. कधीपासून, विचारलं तर म्हणाली, आता काय बघायचं राहिलंय.

एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. स्टेशनाजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी नेलं, दुपारी घरी आणलं, डोळ्यावर ती प्लास्टिकची वाटी. दुसऱ्या दिवशी वाटी काढायला परत जायचं होतं. त्या सकाळी मी केस धुतले.

हो. बहिणीच्या डोळ्याची पट्टी काढायला जाताना मी केस धुतले, आहेत तेवढे, आणि ठेवणीतली साडी नेसले. पावडरही लावली. नात म्हणाली, आजी, ऑपरेशन तुझं आहे का. माझं सगळं ठरलेलं होतं. वाटी निघाली की तिच्या नव्या डोळ्यासमोर पहिल्यांदा मी असणार. धुक्यातून निघाल्यासारखी हळूहळू तिला मी दिसणार, आणि मला बघून तिला भरून येईल, आणि मग ती बोलेल. सत्तरीतल्या बाईच्या डोक्यात हे चाललं होतं. ती अबोली ड्रेसवाली पोरगी मेली असेल अशी माझी समजूत होती. पन्नास वर्षं जगवलीये मी तिला, खाऊपिऊ घालून.

तपासायच्या खोलीत थोरलीला उंच खुर्चीवर बसवलं. तिथेही ती खांदे पुढे काढून, मान खाली घालून बसली. समोर मोठी खिडकी होती आणि खिडकीत डोंगर. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या नातीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. तिने मला भिंतीशी बसा म्हणून सांगितलं. मी बसले, आणि तिची पाठ वळल्याबरोबर उठले. वाटी निघत होती तेव्हा मी खुर्ची आणि खिडकी यांच्यामध्ये जाऊन उभी राहिले, पदर सारखा करून.

थोरलीने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पाणी आलं होतं ते डॉक्टरणीने कापसाने टिपलं. "हां आजी," ती म्हणाली, "आता सांगा बघू, समोर काय दिसतंय?"

थोरलीने मान वर केली. प्रश्न कुणी विचारला की नीट बघून खरं उत्तर द्यायची तिची सवय गेलेली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंडाकडे, पावडरीकडे, साडीकडे. चांगला अर्धा मिनिट. मी या वेळी मध्ये बोलले नाही, एवढी अक्कल मला तोवर आली होती. मग आवाज जराही न चढवता, भाकरी आणखी हवी का विचारावं तशी ती म्हणाली,

"बाजूक हो गो. त्या दिवशीय तू अशीच मधी येवन उभी रवलंस, माका तो धड दिसाकच नाय."